पिढ्या बदलल्या, ड्रायव्हर तोच : नाव कोणत्या चिपचे द्यावे?

हिंगणा_रोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आमचा एक लहान कारखाना आहे. संत्र्यांची शीतगृहे आणि कापसाची गोदामे यांतील तापमान व आर्द्रता नोंदवणारी यंत्रे आम्ही बनवतो. पहिल्या यंत्रात एसटी कंपनीच्या एसटीएम३२ कुटुंबातली एफ१०३ ही चिप होती, दुसऱ्यात एफ४०७ आली, आणि आता बॅटरीवर वर्षभर चालावे म्हणून तिसऱ्यासाठी एल४ घेतली आहे. तिन्ही यंत्रांत सेन्सर आय२सी या जोडणीच्या दोन तारांवरच बसतो.

पहिल्या वेळी मी ड्रायव्हरचे (चिपच्या आय२सीशी बोलणाऱ्या कोडचे) नाव 'एफ१०३_आय२सी' ठेवले होते. दुसऱ्या पिढीत तोच ड्रायव्हर एकही ओळ न बदलता चालला, तेव्हा मला वाटले की आता एफ१०३ हे नाव खोटे ठरते, म्हणून मी ते बदलून 'एसटीएम३२_आय२सी' केले. माझी चूक इथेच झाली. आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या एका मुलीने तिसऱ्या यंत्रासाठी ते नाव पाहिले, एल४ हीसुद्धा एसटीएम३२च आहे असा सरळ अर्थ काढला आणि तो ड्रायव्हर जोडला. कंपाइल बिनतक्रार झाले, पण सेन्सर काही बोलेना. दोन दिवस ती सेन्सर बदलत राहिली, पुल-अप रेझिस्टर बदलत राहिली, आणि ऑसिलोस्कोपवर एससीएलची (आय२सीच्या घड्याळाच्या तारेची) रेघ ३.३ व्होल्टवर सरळच्या सरळ. तिचे काहीच चुकले नव्हते. माझ्या नावाने तिला जे सांगितले त्यावर तिने विश्वास ठेवला.

एकच ड्रायव्हर अनेक पिढ्यांच्या चिपना चालत असेल, तर त्याला नाव पहिल्या चिपचे द्यावे, कुटुंबाचे द्यावे, की आणखी कशाचे? शिवाय 'एसटीएम३२_आय२सी' हे नाव शंभराहून अधिक यंत्रांच्या सेटिंगच्या फाइलींत लिहिले गेले आहे, त्याचे काय करावे?

अंबाझरी_काठ

मी गेली काही वर्षे लिनक्स कर्नलच्या (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या) ड्रायव्हरांवर काम करतो, त्यामुळे तिथली रीत सांगतो. ज्या चिपसाठी ड्रायव्हर प्रथम लिहिला तिचे नाव त्याला मिळते आणि पुढच्या पिढ्या त्याच नावाखाली नांदतात. याचे सर्वांत जुने आणि सर्वांच्या संगणकात असलेले उदाहरण म्हणजे सीरियल पोर्टचा ८२५० ड्रायव्हर. ८२५० ही १९८१ च्या आयबीएम पीसीतली चिप. तिच्यानंतर १६४५० आली, मग १६ बाइटांचा फिफो (आलेला डेटा रांगेत ठेवणारी जागा) असलेली १६५५०ए आली, आणि आज तोच साचा असंख्य चिपांच्या पोटात बसलेला आहे. ड्रायव्हरच्या फोल्डरचे नाव मात्र अजूनही ८२५० आहे.

दुसरे उदाहरण इंटेलच्या एसएमबसचे (आय२सीसारख्याच जोडणीचे). आय८०१ हा ड्रायव्हर ८२८०१ या चिपच्या नावाचा, पण नंतरच्या कित्येक चिपसेटांना तोच चालवतो. सॅमसंगच्या कित्येक एक्झिनॉस चिपांमधली आय२सी आजही एस३सी२४१० या नावाच्या ड्रायव्हरने चालते.

यामागचा विचार साधा आहे. पहिल्या चिपचे नाव कधीच खोटे ठरत नाही, कारण ड्रायव्हर त्या चिपसाठी लिहिला होता ही घडून गेलेली गोष्ट आहे. कुटुंबाचे नाव मात्र पुढच्या, अजून जन्माला न आलेल्या चिपांबद्दलही वचन देऊन बसते, आणि ते पाळणे आपल्या हातात नसते. आपला 'एफ१०३' चुकीचा नव्हता. तो तसाच ठेवायला हवा होता.

गोरेवाड्याची_पायवाट

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत.

तर्रीपोहे

मी सहमत नाही, आणि का नाही ते सांगतो. सीताबर्डीला माझे दुकान आहे, अभियांत्रिकीची मुले प्रोजेक्टसाठी बोर्ड न्यायला येतात. स्वस्त आर्डुइनो बोर्डांवर यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० ही चिप असते. मुलगा घरी जाऊन बोर्ड लावतो, लिनक्सच्या पडद्यावर 'सीएच३४१ कन्व्हर्टर टीटीवाय-यूएसबी-० ला जोडला' अशी ओळ येते, आणि दुसऱ्या दिवशी तो परत येतो : "काका, तुम्ही ३४० सांगून ३४१ दिली." बोर्ड चालत असतो, तरी त्याच्या मनात शंका बसते. मी काउंटरवर भिंग ठेवले आहे. चिपवरची अक्षरे त्याला त्याच्याच डोळ्यांनी वाचायला लावतो आणि मग समजावतो की ड्रायव्हरचे नाव ३४१ आहे, पण तो ३४० लाही चालवतो.

अंबाझरी_काठ यांचे म्हणणे ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या बाजूने बरोबर आहे. पण नाव वाचणारे लिहिणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि त्यांना तो इतिहास ठाऊक नसतो.

निवृत्त_मास्तर

तर्रीपोहे यांचा अनुभव मला वर्गात रोज यायचा. रास्पबेरी पाय ४ या लहान संगणकावर बीसीएम२७११ ही चिप आहे असे मी फळ्यावर लिहायचो, आणि मुले सीपीयूची माहिती उघडून दाखवायची की तिथे बीसीएम२८३५ लिहिले आहे. २८३५ ही तर पहिल्या पायमधली चिप. पाय २ मध्ये २८३६ आणि पाय ३ मध्ये २८३७ येऊन गेली, तरी रास्पबेरी पायच्या तेव्हाच्या कर्नलमध्ये सगळ्यांवर तीच ओळ दिसे. त्यात भर म्हणजे त्यांच्या कर्नलमध्ये पाय ३ ची डिव्हाइस ट्री फाइल (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी) २७१० या नावाची आणि मुख्य कर्नलमध्ये तीच २८३७ या नावाची. एका हुशार मुलीने मला विचारले होते, "सर, एकाच चिपची किती नावे पाठ करायची?"

तरीही मी पहिल्या नावाच्याच बाजूचा आहे, आणि त्याला कारण आपले नागपूर आहे. कॉटन मार्केटात आपण भाजी आणायला जातो, आणि इतवारीची दुकाने इतर वारीही उघडी असतात. कुणी अडत नाही, कारण नाव पत्त्याचे काम करते, तिथे काय मिळते ते दुकानाच्या पाटीवर वाचायचे असते. ड्रायव्हरच्या बाबतीत ती पाटी म्हणजे त्याने चालणाऱ्या चिपांची यादी. मी मुलांना नावावर थांबू देत नसे, यादी उघडायला लावत असे.

सुरेख_वैदर्भी

मास्तर, उदाहरण सुंदर आहे, पण एक फरक सांगावासा वाटतो. कॉटन मार्केटात कापूस समजून गेलेल्या माणसाला तिथे पोचताक्षणी भाजी दिसते. धागाकर्त्यांच्या सहकारी मुलीला मात्र दोन दिवस काहीच दिसले नाही, कारण चुकीचा ड्रायव्हर कंपाइल झाला आणि गप्प राहिला. नावावर इतका भार टाकायचा तर चुकीचा ड्रायव्हर कोडनेच नाकारण्याची सोय हवी.

आता मूळ प्रश्न. मला पहिल्या चिपचे नाव आणि कुटुंबाचे नाव हे दोन्ही पर्याय अपुरे वाटतात, कारण ड्रायव्हर मुळात चिपशी बोलत नाही, चिपच्या आतल्या एका ब्लॉकशी (एका कामासाठीच्या सर्किटशी) बोलतो. एसटीच्या चिपांत आय२सीचे दोन वेगळे ब्लॉक आहेत. झेफिर या प्रणालीत त्यांचे ड्रायव्हर व्ही१ आणि व्ही२ या नावांनीच वेगळे केले आहेत. एफ१, एफ२, एफ४ आणि एल१ यांत व्ही१ आहे. एफ०, एफ३, एफ७ आणि एल४ यांत व्ही२ आहे. यात आकड्यांचा क्रम मुळीच कामाला येत नाही. एफ४ २०११ सालची असून तिच्यात जुना ब्लॉक, आणि नावाने सर्वांत लहान दिसणारी एफ० २०१२ सालची असून तिच्यात नवा. चिपचा क्रमांक पाहून पिढी ओळखू म्हणणारा इथे हमखास फसतो.

नावात कंपनी घालण्याबद्दलही सावध राहावे. लिनक्समधल्या आवाजाच्या ड्रायव्हरचे नाव एसएनडी-एचडीए-इंटेल आहे, पण एएमडीच्या बोर्डावरचा आवाज आणि एनव्हिडियाच्या कार्डातून एचडीएमआयवर जाणारा आवाजही तोच चालवतो. इथरनेटचा एसटीएममॅक एसटीच्या नावाने सुरू झाला. ब्लॉक मूळ सिनॉप्सिसचा असल्यामुळे तो आता रॉकचिप, ऑलविनर आणि इंटेल यांच्या चिपांतही आहे. याउलट एएचसीआय आणि एनव्हीएमई ही डिस्कच्या ड्रायव्हरांची नावे पाहा. ती ठरलेल्या प्रमाणाची नावे आहेत, कुणाच्या चिपची नाहीत, म्हणून ती जुनी होत नाहीत.

अंबाझरी_काठ

सुरेखताई, ब्लॉकचे नाव माहीत असेल तिथे तेच सर्वोत्तम, हे मला मान्य आहे. अडचण अशी की पुष्कळ कंपन्या ब्लॉकची आवृत्ती छापतच नाहीत. मग व्ही१, व्ही२ हे आकडे आपण आपल्या मनाने पाडायचे, आणि उद्या कुणाला दोघांच्या मधला एखादा प्रकार सापडला की त्याला काय म्हणायचे हा नवा प्रश्न. अशा ठिकाणी पहिल्या चिपचे नाव हेच ब्लॉकचे नाव म्हणून वापरतात. लिनक्समध्ये एसटीचा हाच व्ही२ ब्लॉक 'एसटीएम३२एफ७' या नावाखाली आहे, आणि एमपी१ ही मोठी चिपसुद्धा तोच ड्रायव्हर वापरते. तिथे एफ७ याचा अर्थ 'एफ७ मध्ये जो ब्लॉक आहे तो' इतकाच घ्यायचा.

डिव्हाइस ट्रीमध्ये या दोन्ही गरजा एकाच ओळीत भागतात. पाय ४ च्या आय२सीला दोन नावे दिलेली असतात, आधी २७११ चे आणि त्यामागे २८३५ चे. पहिले सांगते की ही प्रत्यक्षात कोणती चिप आहे, आणि दुसरे सांगते की हिला आधीच्या कुणाचा ड्रायव्हर चालेल. आज दोघींत फरक नसला तरी पहिले नाव लिहून ठेवायचेच, म्हणजे उद्या २७११ मध्ये काही वेगळे निघाले तर ड्रायव्हरला ते ओळखता येते आणि लोकांच्या बोर्डांवरच्या फाइली बदलाव्या लागत नाहीत.

रेशीमबागेतला_राघू

मधला मार्ग म्हणून नावात एक्स घालावा असे मला वाटते. 'एफ१एक्सएक्स', 'एफ४एक्सएक्स' असे लिहिले की पिढीही कळते आणि एका चिपचा हट्टही राहत नाही. डेटाशीटवर कंपन्या स्वतःच असे लिहितात.

अंबाझरी_काठ

राघूदादा, डिव्हाइस ट्रीच्या लेखन-नियमांत याला स्पष्ट मनाई आहे : कंपॅटिबलच्या नावात (पाय ४ ची ती दोन नावे याच प्रकारची) वाइल्डकार्ड, म्हणजे कोणत्याही अक्षराऐवजी चालणारी खूण, वापरू नये आणि कुटुंबाचे नावही वापरू नये. डेटाशीटवरचा एक्स त्या दिवशी बाजारात असलेल्या चिपांपुरता असतो. ड्रायव्हरमधला एक्स मात्र उद्याच्या चिपांनाही आत घेतो. एनएक्सपीच्या आय.एमएक्स८ चे पाहा. ८एम आणि ८क्यूएम ही नावे सख्ख्या भावंडांसारखी दिसतात, पण आतली रचना पुष्कळ वेगळी आहे. तिथे 'आयएमएक्स८एक्स' असे काही लिहिले असते तर कोण कोणाचा हे कधीच निस्तरले नसते.

तर्रीपोहे

एक्सचा माझ्याकडे दुसऱ्या बाजूचाही नमुना आहे. सीपी२१०एक्स हा यूएसबीचा ड्रायव्हर २१०१ पासूनच्या चिपांचा, आणि २१०२ मी रोज विकतो. एकदा एकाने २११० असलेला बोर्ड आणला आणि हा त्याच घराण्यातला म्हणून तोच ड्रायव्हर लागेल असे धरून चालला. ती चिप संगणकाला एचआयडी (कीबोर्ड-माउसच्या वर्गातले यंत्र) म्हणून दिसते, हा ड्रायव्हर तिला ओळखतच नाही. त्याचा पूर्ण दिवस गेला.

मेडिकल_चौक

थोडा वेगळा प्रश्न विचारतो. पिढ्या एकाच ड्रायव्हरमध्ये किती काळ ठेवाव्यात? कधीतरी वेगळे घर करावे लागतेच ना?

अंबाझरी_काठ

लागते, आणि नावाचा खरा कस तिथेच लागतो. इंटेलच्या गिगाबिट कार्डांचा ई१००० हा ड्रायव्हर आधी पीसीआय आणि पीसीआय एक्स्प्रेस या दोन्ही प्रकारांची कार्डे सांभाळत असे. तो फार फुगला, एका कार्डासाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्याला बाधू लागली, तेव्हा पीसीआय एक्स्प्रेसच्या कार्डांसाठी ई१०००ई वेगळा काढला. शेवटचे एक अक्षर वाढले, पण ज्यांच्या सेटिंगमध्ये ई१००० लिहिलेले होते त्यांचे कार्ड ड्रायव्हर बदलल्यावर जुन्या सूचना ऐकेना.

इंटेलच्या ग्राफिक्सचा आय९१५ हा २००४ सालच्या ९१५ चिपसेटच्या नावाचा. त्याने कितीतरी पिढ्या वाहिल्या, आणि अखेर नव्या पिढ्यांसाठी एक्सई हा वेगळा ड्रायव्हर २०२४ मध्ये ६.८ कर्नलमध्ये आला. एएमडीनेही २०१५ मध्ये ४.२ कर्नलपासून रेडिऑनच्या शेजारी एएमडीजीपीयू आणला, पण मधल्या दोन पिढ्यांची कार्डे दोन्ही ड्रायव्हरांना येत होती, आणि कोणी चालवायचे हे बराच काळ कर्नलच्या सूचनेत लिहून ठरवावे लागे. माझे मत असे की रजिस्टरांचा (ड्रायव्हर ज्या जागांवर सूचना लिहितो त्यांचा) नकाशा वेगळा झाला की घर वेगळे करावे. नुसते चार बिट वाढले असतील तर एकाच ड्रायव्हरमध्ये चिपनुसार तक्ता ठेवून भागते.

सुरेख_वैदर्भी

धागाकर्ते, तुमच्या प्रकरणात रजिस्टरांचा नकाशा पूर्ण बदलला होता, तरी कंपाइलरने हूं की चूं केले नाही. असे का झाले ते सविस्तर सांगाल का? नावाच्या चर्चेला त्याचा उपयोग होईल.

हिंगणा_रोड

सांगतो. आम्ही कंपनीच्या हेडर फाइली न वापरता रजिस्टरांचे पत्ते स्वतः लिहिले होते, आधार पत्ता अधिक अंतर. अंतरे दोन्ही ब्लॉकांत तीच आहेत, पण त्या जागी राहणारे रजिस्टर वेगळे आहे. आम्ही परवा दोन्ही मॅन्युअल शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली.

व्ही१ मध्ये स्टार्टची खूण सीआर१ च्या आठव्या बिटावर असते. व्ही२ मध्ये त्याच सीआर१ चा आठवा बिट डिजिटल गाळणीचा आहे. म्हणजे आम्ही 'सुरू कर' म्हणत होतो आणि चिप गाळणीची पातळी बदलत होती. ०एक्स१० वर व्ही१ चे डेटा रजिस्टर आहे, व्ही२ मध्ये तिथे वेळेचे टायमिंगआर बसले आहे. ०एक्स१सी वर आम्ही घड्याळाचा भागाकार लिहिला, तिथे व्ही२ मध्ये इंटरप्ट पुसण्याचे रजिस्टर आहे. आणि आमचा कोड स्टार्ट झाल्याची खूण पाहण्यासाठी ०एक्स१४ वाचत थांबला होता. व्ही२ मध्ये तिथे टाइमआउटचे रजिस्टर, त्याचा तो बिट शून्यच. कोड जन्मभर थांबला असता. स्टार्टच गेला नाही, त्यामुळे एससीएल हलण्याचा प्रश्नच नव्हता.

चिप कोणती आहे हे आम्ही कुठेच तपासत नव्हतो. नावानेच तपासणी केली असे आम्ही धरून चाललो होतो.

निवृत्त_मास्तर

हा प्रतिसाद मी जपून ठेवतो आहे. मुलांना दोन मॅन्युअल शेजारी ठेवून वाचायला शिकवणे किती गरजेचे आहे, ते यात दिसते. सुरेखताईंनी माझ्या उदाहरणातली जी उणीव दाखवली तीही मला आता पटली.

मेडिकल_चौक

जुने नाव बदलण्याबद्दल कुणी बोललेले दिसत नाही. आमच्याकडे सर्व्हर सांभाळताना अनुभव आला की मॉड्यूलचे (कर्नलमध्ये चढवायच्या ड्रायव्हरचे) नाव ही आतली गोष्ट राहत नाही. मॉडप्रोबच्या (मॉड्यूल चढवणाऱ्या आज्ञेच्या) फाइलींत पर्याय त्याच नावाने लिहिलेले असतात, ब्लॅकलिस्ट त्याच नावाची असते, देखरेखीच्या स्क्रिप्ट तेच नाव शोधतात. इंटेलच्या वायफायचा आयडब्ल्यूएलएजीएन नंतर आयडब्ल्यूएलवायफाय झाला, तेव्हा जुन्या नावाने लिहिलेले पर्याय कुठे कुठे आहेत हे शोधत बसावे लागले. आडवी रेघ आणि अधोरेघ यांत मॉडप्रोब भेद करत नाही एवढे बरे. पण आपली स्क्रिप्ट ग्रेपने (मजकूर शोधण्याच्या आज्ञेने) शोधत असेल तर तिला भेद कळतो, आणि चढवलेल्या मॉड्यूलांची यादी देणारी एलएसमॉड नेहमी अधोरेघच दाखवते.

अंबाझरी_काठ

अगदी बरोबर. फाइलचे नाव आपले असते, ते हवे तेव्हा बदलावे. बाहेर गेलेले नाव वापरणाऱ्याचे होते. धागाकर्त्यांनी यंत्रांच्या सेटिंगमधले 'एसटीएम३२_आय२सी' हे नाव कायमचे उपनाव म्हणून राखावे, आणि त्याचा अर्थ कायमचा व्ही१ असाच ठेवावा. नव्या एल४ यंत्रांत ते नाव आले तर ड्रायव्हरने नकार द्यावा, तोही मोठ्याने.

हिंगणा_रोड

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही दोघे बसलो आणि पुढीलप्रमाणे केले. ड्रायव्हर दोन झाले, 'एसटी_आय२सी_व्ही१' आणि 'एसटी_आय२सी_व्ही२'. दोन्ही फाइलींच्या माथ्यावर त्या त्या चिपांची यादी लिहिली, आणि त्या ब्लॉकवर हा ड्रायव्हर प्रथम कोणत्या चिपसाठी लिहिला तेही लिहिले. जुने नाव सेटिंगमध्ये चालू राहील, पण ते फक्त व्ही१ कडेच जाईल. ड्रायव्हर सुरू होताना चिपचा ओळख क्रमांक वाचतो आणि यादीत नसेल तर त्रुटी नोंदवून तिथेच थांबतो.

यादी लिहिण्याचे काम त्या सहकारी मुलीनेच केले. व्ही१ खाली एफ१०३ आणि एफ४०७, व्ही२ खाली एल४. काल संध्याकाळी तिने तिन्ही बोर्ड एका टेबलावर मांडले आणि प्रत्येकाच्या एससीएलला प्रोब लावून पाहिला. तिसऱ्यावर लाट आली तेव्हा तिने पडद्याचा फोटो काढून ठेवला.

सुरेख_वैदर्भी

अभिनंदन, आणि तिलाही सांगा. एकच दुरुस्ती सुचवते. व्ही१ खाली दोन नेमक्या चिपांची नावे आहेत आणि व्ही२ खाली नुसते 'एल४' आहे. एल४ हे कुटुंबाचे नाव आहे. बोर्डावर कोणती चिप बसवली आहे?

हिंगणा_रोड

एल४७६. खरे आहे, माझ्या डोळ्यांखालून ते निसटले. यादीत आत्ताच 'एसटीएम३२एल४७६' केले.